डागणी आणि विसावा

बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलचे हिंदूराव घाटगे यांचं नाव दिल्लीत टेकडीवरच्या रुग्णालयाला आहे, तसंच खालच्या बाडा हिंदूराव वस्तीलाही. परळला पशुवैद्यक शिकून मी दिल्लीत आलो, तेव्हा या वस्तीत माल ओढणाऱ्या घोड्यांवर उपचार करायचो.

बहुतेकांच्या पायांवर डागाच्या रेघा असत. गाडीवान जिला नस म्हणतात ती कंडरा सुजली, घोडा लंगडला की तापवलेल्या सळईचे चटके द्यायचे आणि वरून गाडीचं काळं ऑइल चोपडायचं. एका वयस्कर गाडीवानाला मी विनवत होतो, "चचा, मत दागिए." ते म्हणाले, "डॉक्टर साब, वालिद साहब के ज़माने में दाग से ही घोड़ा ठीक होता था."

ते खोटं बोलत नव्हते. डागलेल्या घोड्याला कित्येक दिवस जुंपता येत नाही. त्या सक्तीच्या विश्रांतीत सूज उतरते आणि श्रेय सळईला जातं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी 1983 मध्येच दाखवून दिलं होतं की डागण्याने कंडरा भरून येत नाही.

मग नुसता विसावा का देत नाहीत? चचांनीच सांगितलं. धडधाकट दिसणारा घोडा घरी बांधला तर व्यापारी दुसरी गाडी लावतो. भाजलेला पाय दाखवला, तर चार दिवस वाट पाहतो. रजा मागायला जनावराला जाळावं लागत होतं! त्या दिवसापासून मला सळईपेक्षा त्या व्यवहाराची चीड जास्त आली.

पुढे त्याच गल्लीतल्या एका डागलेल्या घोडीला धनुर्वात झाला. जबडा मिटलेला, कान ताठ, चारही पाय लाकडासारखे. माणसांपेक्षा घोड्यांना हा रोग फार सहज होतो. ती वाचली नाही. तिला पाहून आल्यावर चचांनी आपला घोडा बांधून ठेवला. पायावर गार पाणी, पट्टी आणि धनुर्वाताची लस, एवढंच मी केलं. कंडरेला महिने लागतात. तोवर चचा भावाच्या गाडीवर हमाली करत होते.

तुमच्या गावी बैलाला किंवा घोड्याला डागायचं ठरत असेल तर आधी पशुवैद्याला बोलवा. आणि गाडी तुमचा माल वाहत असेल तर जनावर बरं होईपर्यंत त्या गाडीवानाचं काम राखून ठेवा.