तटस्थ

पोटोमॅक नदीचा पूल ओलांडून वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेस गेलें म्हणजे व्हर्जिनिया राज्य लागतें. नदीलगतच्या या भागास तेथील लोक उत्तर व्हर्जिनिया म्हणतात. प्रवासी येथें येतात ते बहुधा जॉर्ज वॉशिंग्टनचें माउंट व्हर्नन येथील घर पाहतात आणि परत जातात. मला मुलीच्या घरीं उन्हाळ्याचे दोन महिने राहावयाचें होतें, त्यामुळें जें पाहावयास मिळालें तें वाटाड्या पुस्तकांतून सहसा सांपडत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानींतील कचेऱ्यांत काम करणाऱ्या कुटुंबांसाठीं या भागांत एकामागून एक वसाहती उठल्या, आणि पुष्कळ वसाहतींनीं आपला पोहण्याचा तलावही बांधला. गांव वसवितांना आपले पूर्वज आधीं विहिरीची जागा पाहत, तसेंच कांहींसें. असा तलाव सरकारी नसतो. आसपासचीं कुटुंबें सभासद होऊन, वर्गणी भरून तो चालवितात. या तलावांवरील मुलांच्या आपसांत शर्यती व्हाव्यात म्हणून १९५६ सालीं 'नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग' नांवाची संस्था निघाली. आज तींत शंभरावर तलावांचे संघ आहेत. उन्हाळ्याच्या सुटींतील शनिवारीं सकाळीं दोन दोन तलावांचे सामने लागतात. तलाव पंचवीस मीटर लांब. त्यांत दोरांनीं पाडलेल्या सहा लेन, तीन यजमानांच्या व तीन पाहुण्यांच्या. आठ वर्षांच्या आंतील चिमुरड्यांपासून अठरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या तरुणांपर्यंत सर्वांचे वयाप्रमाणें पांच गट असतात.

माझी नात दहा वर्षांची. पहिल्या शनिवारीं आम्ही सहाला उठून तलावावर गेलों. हवा कोंकणासारखी दमट होती. सामना नवाचा, पण पाहतों तों कोणी तंबू ठोकीत आहे, कोणी लेनचे दोर ताणून बसवीत आहे, कोणी कॉफीचीं भांडीं मांडीत आहे. यांत पगारी माणसें कोणतीं म्हणून मीं जांवयांस विचारलें. मुलांना शिकविणारे कोच आणि बुडत्यास काढणारे जीवरक्षक, एवढेच. बाकी सारे आईबाप. मूल पोहणार तर घरांतील एकानें तरी काम उचललेंच पाहिजे असा दंडक आहे. कांहीं ठिकाणीं हंगामाच्या आरंभीं अनामत रक्कम लिहून घेतात आणि काम केलें म्हणजे ती परत करतात, असेंही कळलें.

आमच्याकडे शाळेचा क्रीडादिन असला म्हणजे फक्कीच्या रेघा मारण्यापासून बक्षिसांच्या वाट्या मोजण्यापर्यंत सारें शिक्षकांच्या अंगावर. पालक येत ते खुर्चीवर बसत, आणि आपलें मूल मागें पडलें तर शिटी उशिरां वाजली असें म्हणून घरीं जात. ज्याच्या हातीं शिटी नाहीं त्याला शिटीवाल्यावर रागावणें फार सोपें असतें.

येथील कामांची वांटणी लग्नघरासारखी आहे. मुलांच्या दंडावर शाईनें शर्यतीचा व लेनचा आंकडा लिहिणारी एक आई, कारण सात वर्षांच्या मुलास आपला क्रमांक लक्षांत राहील ही आशा व्यर्थ. त्यांना बांकांवर ओळीनें बसवून वेळेवर पुढें सरकविणारे दोघेतिघे. हें काम मला सर्वांत कठीण वाटलें, आणि चाळीस वर्षें वर्ग सांभाळलेला माणूस हें म्हणत आहे. वेळेचे कागद टेबलाशीं पोंचविणारे, टेबलाशीं दोन्ही संघांचे हिशेबनीस शेजारीं शेजारीं बसून आंकडे ताडून पाहणारे, आणि फराळाचें दुकान चालविणारे. फराळ म्हणजे मधें भोंक पाडलेले साखरेचे गोड वडे. आमच्या मंडळींनीं त्यांतील एक चाखून पाहिला व बाकीचे मला दिले.

वेळ घेणारे दर लेनला तीन, म्हणजे एकंदर अठरा. तिसऱ्या शनिवारीं एक गृहस्थ आले नाहींत, तेव्हां स्टॉपवॉच माझ्या हातीं आलें. सुरुवातीला भोंगा वाजतो आणि त्याच क्षणीं एक दिवा चमकतो. घड्याळ भोंगा ऐकून दाबावयाचें नाहीं, दिवा पाहून दाबावयाचें, हें मला दोनदां बजावण्यांत आलें. कारण उघड आहे. लहान मुलें एका टोकाहून निघून पंचवीस मीटरांवर दुसऱ्या टोकाशीं शर्यत संपवितात; वेळ घेणारे तेथेंच उभे असतात. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे भोंग्याचा आवाज तेथवर यावयास सेकंदाचे सात शतांश लागतात, आणि येथें निकाल शतांशांवर लागतो! तीन घड्याळांच्या वेळा भिन्न आल्या तर मधली धरतात. सरासरी काढीत नाहींत. एखाद्याचा अंगठा रेंगाळला किंवा घाईंत पडला तरी त्याचें पाप मुलाच्या माथीं येत नाहीं. माझ्या एका बाजूस कोरियन आई होती, दुसऱ्या बाजूस इथिओपियाहून आलेले वडील. तिघांच्या घड्याळांत तीनचार शतांशांहून अधिक अंतर क्वचित् पडे.

तीं तिघें माणसें या कांठावर उभीं राहूं शकतात यामागें एक इतिहास आहे. याच भागांतील फेअरफॅक्स परगण्यांत लिटल हंटिंग पार्क नांवाच्या सभासद संस्थेचें उद्यान व तलाव होता. पॉल सलिव्हन या गोऱ्या सभासदानें आपलें घर फ्रीमन नांवाच्या निग्रो गृहस्थास भाड्यानें दिलें व घराबरोबरचें सभासदत्वही दिलें. संस्थेनें केवळ वर्णावरून तें नाकारलें, आणि सलिव्हननें तक्रार केली म्हणून त्यासच काढून टाकलें. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि डिसेंबर १९६९ मध्यें निकाल सलिव्हनच्या बाजूनें लागला. तें वाचतांना महाडचें चवदार तळें डोळ्यांपुढें उभें राहिलें. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथें पाणी प्याले, त्यानंतर घागरी ओतून त्या तळ्याची 'शुद्धि' करणारे कोण होते, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. वर्गणीच्या तलावाची फी आजही सर्वांस परवडणारी नाहीं, आणि ती बंदी कोणत्याही निकालानें उठत नाहीं. तथापि दार उघडल्यावर आंत आलेल्याच्या हातीं तात्काळ घड्याळ देणारी ही रीत मला आवडली.

आतां पंचांविषयीं. पांढरा सदरा व गडद निळी चड्डी अथवा घागरा हा त्यांचा वेष. हेही आईबापच; वर्गास बसून नियम शिकल्यावरच त्यांना उभें करतात. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय या प्रकारांत वळतांना व शेवटीं दोन्ही हात एकाच वेळीं भिंतीस लागले पाहिजेत. बॅकस्ट्रोकमध्यें शर्यत पाठीवरच संपविली पाहिजे. नियम मोडलेला दिसला कीं पंच एक हात उघडा करून डोक्यावर धरतो, मग चिठ्ठी लिहून रेफ्रीकडे देतो. रेफ्री उलटतपासणी करतो : काय पाहिलेंत? कोठून पाहिलेंत? जें दिसलें तेंच सांगावयाचें. पाणी उडालें, नीट दिसलें नाहीं, तर संशयाचा फायदा मुलाला. संस्कृतांत तट म्हणजे कांठ. तटस्थ हा शब्द मीं वर्गांत शेंकडों वेळां फोडून दाखविला असेल, पण असा पाण्याच्या तटावर उभा केलेला पाहिला नव्हता.

माझी मुलगी अशी पंच आहे. चौथ्या शनिवारीं तिच्या समोरच्या लेनमध्यें माझी नात ब्रेस्टस्ट्रोकच्या पन्नास मीटरांस उतरली. वळतांना तिचा उजवा हात भिंतीस आधीं लागला, डावा मागून. मी खुर्चींतून पाहत होतों. मला तें दिसलें. तिच्या आईचा हात वर गेला. शर्यत संपली, नात दुसरी आली होती, आणि कोचनें तिला बाजूस घेऊन बाद झाल्याचें सांगितलें. पोर ढसढसा रडली. आई वीस पावलांवर उभी. परंतु पुढची शर्यत लागली होती, जागा सोडतां येईना. टॉवेल मीं नेऊन दिला.

घरीं आमच्या मंडळींनीं तोंड सोडलें. "अगं, सख्खी आई ना तूं तिची? क्षणभर दुसरीकडे पाहिलें असतेंस तर काय आकाश कोसळणार होतें?"

"आई, मग शेजारच्या लेनमधल्या मुलीसाठीं हात कोणत्या तोंडानें वर करूं?"

मी मधें पडलों नाहीं. तथापि माझें मत सांगतों. ज्याचें मूल परीक्षेस बसलें आहे त्यानें त्या परीक्षेचे पेपर तपासूं नयेत अशी आपल्याकडील रीत आहे आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते. पंच दोन्ही संघांचे असतांना त्या एका शर्यतीपुरती जागा बदलतां आली असती. मुलीस मीं हें सांगितलें. ती म्हणाली, "बाबा, येथें प्रत्येक शर्यतींत कोणाचें ना कोणाचें मूल असतेंच. अशी जागा बदलूं लागलें तर कांठावर उरेल कोण?" या बोलण्यांत तथ्य आहे, पण त्या रात्रीं ती जेवली नाहीं, हेंही मीं पाहिलें.

नात दोन दिवस आईशीं नेमकेंच बोलत होती. मंगळवारच्या सरावाला ती भिंतीशीं येऊन दोन्ही हात जरूरीपेक्षां जोरानें आपटीत होती, आणि तो आवाज कांठावर बसलेल्या आईला ऐकूं जावा अशीच तिची इच्छा असावी. संध्याकाळीं पुढच्या शनिवारच्या कामांची यादी आली. मुलीनें पंचाच्या जागीं पुन्हां आपलें नांव घातलें. खालीं काम करणाऱ्या पालकांच्या न्याहारीसाठीं कोणी कांहीं आणणार का, असा एक रकाना होता. आमच्या मंडळींनीं तो नातीकडून वाचून घेतला आणि तिलाच लिहावयास सांगितलें : साबुदाण्याची खिचडी, तीस माणसांची.