नाइसचा अर्धा गुण
चाळीस वर्षं झाली, तरी त्या अर्ध्या गुणाची सल गेलेली नाही.

नववीची सहामाही. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. निबंध होता 'माझे आजोबा'. आजोबा भजनाला बसत. पखवाजाचा ठेका केसभर ढळला तरी त्यांची डोलती मान थांबायची. हे इंग्रजीत कसं सांगायचं? त्यांच्याच जुन्या, पाठ निखळलेल्या शब्दकोशात 'नाइस'खाली 'छान'शिवाय आणखी एक अर्थ सापडला : काटेकोर, बारीक फरक ओळखणारा. मी लिहिलं, 'ही हॅज अ नाइस इयर फॉर म्युझिक.'

सरांनी लाल शाईने गोल करून अर्धा गुण कापला. तेवढ्यावर थांबते तर मी विसरलेही असते. त्यांनी पेपर उंच धरून वाक्य वाचलं. "आजोबांचा कान छान? मग नाक कसंय?" वर्ग खिदळला. मी म्हटलं, "सर, शब्दकोशात आहे." "आण, बघू." दुसऱ्या दिवशी तो जाडजूड शब्दकोश फडक्यात गुंडाळून नेला. सरांनी हातात घेतलाच नाही. "नाइस म्हणजे छान. बस खाली." मी त्या पानात बोट घालून ठेवलं होतं. तास संपेपर्यंत ते तसंच होतं.

पुढे कॉलेजात कळलं, शब्दाचं मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे न जाणणारा. 'सायन्स'चा जो धातू, त्यालाच नकार लागलेला. जुन्या फ्रेंचमधून 1300च्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. मग नखरेल, चोखंदळ, नाजूक, काटेकोर. 'छान' हा अर्थ अठराव्या शतकातला. 1817च्या डिसेंबरात आलेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी, कॅथरीन सगळ्यालाच 'नाइस' म्हणते म्हणून तिला चिडवतो. म्हणजे माझा अर्थ सरांच्या अर्थाहून वडील होता! आपल्याकडे तरी काय, संस्कृतातली 'शिक्षा' म्हणजे शिकवण, मराठीत ती दंड झाली. शिक्षकाने मुलांदेखत शब्दकोश उघडावा. त्यात कसला कमीपणा?

परवा भाचीची वही तपासत होते. एका पानावर पाच 'नाइस' : पाऊस नाइस, आजी नाइस, डबाही नाइस. मी चार खोडले.

"आत्या, चुकलंय का?"

"नाही गं. चूक नाही."

"मग खोडलंस कशाला?"