गाडी खालून बघ

नाशिक, गुरुवार

चि. सायली हिस,


काल तुझा फोन झाल्यापासून मला चैन नाही. तुझी काकू म्हणते, उद्या परत फोन करा आणि काय ते बोला. पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, म्हणून लिहून पाठवतोय. शेवटपर्यंत वाच. "काका, गाडी मॉडिफाय केलेली असली तर उलट बरंच, आयतं मिळतंय," असं तू म्हणालीस. तू! आमच्या शेडमध्ये ऑइलच्या डब्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी. शिंदे मिस्त्री आज असते तर त्यांनी तुला समोर उभं करून विचारलं असतं, बाई, आयतं म्हणजे नक्की काय मिळतंय ते सांग.

तू घ्यायची म्हणतेस त्या गाडीचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. 2013 ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, निळी, मागून कापल्यासारखी हॅचबॅक. गाडी देखणी आहे, नाही कशाला म्हणू? पण सगळे फोटो वरून काढलेले. बॉनेट, सीट, चाकं, सायलेन्सरची चकाकती नळी. खालचा एकही नाही. इंजिनाची ताकद तू मला तीनदा सांगितलीस. गिअरबॉक्सबद्दल मी विचारलं तर म्हणालीस, "छान पडतात गिअर."

सायली, हेच मला आयुष्यभर खटकत आलंय. ताकद निर्माण करणाऱ्याची वाहवा आणि ती वाहून नेणाऱ्याची कुणाला आठवणसुद्धा नाही. जाहिरातीत हॉर्सपॉवर, गप्पांत हॉर्सपॉवर. क्लच प्लेट, गिअरचे दात, डिफरन्शियल, ॲक्सल हे सगळं अंधारात, तेलात, गाडीच्या पोटाखाली. घरातही असंच असतं म्हणा.  तो विषय इथे नको.

आता नीट ऐक. त्या गाडीला अडीच लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीने दिलेली ताकद 265 हॉर्सपॉवर आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. हौशी माणूस पहिलं काम करतो ते इंजिनाच्या कॉम्प्युटरचं. नवा ट्यून टाकला की टर्बोचा दाब वाढतो, टॉर्क वाढतो. मग कंपनीचा क्लच घसरायला लागतो. म्हणून तो जास्त कडक प्रेशर प्लेटचा क्लच बसवतो आणि खूश होतो. पण घसरणारा क्लच गाडीला वाचवत होता! आता तो घसरत नाही, म्हणजे सगळा झटका थेट गिअरच्या दातांवर. साध्या गाडीत क्लच एकदम सोडला तर चाकं जागेवर फिरतात आणि झटका तिथेच जिरतो. या गाडीची चारही चाकं रस्ता धरून ठेवतात. चाक सुटत नाही, क्लच सुटत नाही, मग सुटणार काय? या पाच गिअरच्या बॉक्सची त्या गाड्यांच्या दुनियेत अशा सुरुवातींमुळेच बदनामी झाली आहे. तेव्हा बदललेला क्लच सापडला, तर त्याआधी काय वाढवलं होतं ते विचार, आणि त्यानंतरचा भार कुणी सोसला ते शोध.

ओळखायचं कसं? क्लच तुझ्या पायाला कळेल. पेडल जड लागलं, पहिल्या गिअरला गाडी थरथरत उचलली, क्लच पकडण्याची जागा अगदी चिंचोळी असली, तर प्लेट बाहेरची आहे असं समज. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून कान दे. किणकिण येते आणि क्लच दाबल्यावर थांबते का? मग हलकं फ्लायव्हील तरी आहे किंवा बेअरिंग तरी गेलंय. दोन्हींची चौकशी कर. उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट गरजेपेक्षा जास्त थरथरत असतील तर इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग कडक बसवलेत. ते स्वतः वाईट नव्हेत. पण कुणी उगाच बसवत नाही.

गिअरच्या मुठीवर सहा आकडे दिसले तर लगेच थांब. त्या वर्षीच्या डब्ल्यूआरएक्सला सहावा गिअर नव्हता. सहा म्हणजे कुणीतरी तिच्या थोरल्या बहिणीचा, एसटीआयचा, बॉक्स आणून बसवलाय. काम चांगलं केलेलं असेल तर ती गाडी मूळच्यापेक्षा मजबूत, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. पण मग मागचं डिफरन्शियल त्याच रेशोचं घातलंय का? पुढचा आणि मागचा एकूण रेशो जुळला नाही, तर मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा सतत घासत राहतं आणि स्वतःला खातं. शिवाय एसटीआयच्या मधल्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो. तो बसवलाय का, की वायर नुसती बांधून ठेवलीय? याचं बिल माग. बिल नसेल तर काम झालं असं मी धरत नाही.

मधल्या डिफरन्शियलची एक परीक्षा तुला आधीच येते. आपली जिप्सी आठव. डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळवली की कशी अडायची, उड्या मारायची, आणि तुझे बाबा ओरडायचे, "काढ आधी ते, काढ!" तिच्यात पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सोसणारं मध्ये काहीच नव्हतं. या गाडीत ते काम व्हिस्कस कपलिंगच्या मधल्या डिफरन्शियलचं. ते आवळून बसलं की ही गाडीसुद्धा तशीच वागते. तेव्हा आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम कर, मग रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिरव, दोन्ही बाजूंनी. अडली, ठेचकाळली, तर दार उघड आणि खाली उतर.

आणि टायर. चारही एकाच मेकचे, एकाच साइजचे, सारखे झिजलेले हवेत. कंपनी परिघातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर घालून वर्षभर फिरलेल्या माणसाने मधल्या डिफरन्शियलचं काय केलं असेल ते तूच सांग.

रॅम्पवर घेतल्याशिवाय मात्र काहीच ठरवू नकोस. वर्षानुवर्षांचा धुळीचा आणि ऑइलचा थर असतो, त्यात काही बोल्ट चकचकीत दिसतात, डोकी पान्याने गोल झालेली असतात, गिअरबॉक्सच्या जोडावर सीलंटची ताजी ओघळ दिसते. तिथे हात लागलाय. कशासाठी लागला हे मालकाने न विचारता सांगितलं तर माणूस सरळ. मग गिअर ऑइल काढायला लाव. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असतं. त्यावरचा काळपट लेप बोटांत घेऊन चोळ. लोण्यासारखा मऊ लागला तर ती रोजची झीज, सगळ्याच बॉक्सना असते. टोचला, चमकला, खवल्यासारखा तुकडा निघाला, तर तो दाताचा आहे. नाशिकच्या रॅलीत सर्व्हिस पार्कमध्ये मिस्त्री बॅटरीच्या उजेडात तो बोल्ट हातावर घेऊन गप्प उभे राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावरूनच ड्रायव्हरला कळायचं, उद्याची स्टेज आहे की नाही.

तुमच्या कॅलिफोर्नियाचे नियम मी काल रात्री वाचून काढले. चार वर्षांपेक्षा जुनी गाडी विकताना स्मॉग चेकचं सर्टिफिकेट द्यायचं काम विकणाऱ्याचं, तुझं नव्हे. 19 जुलै 2021 पासून तिथे कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरही तपासतात. परवानगी नसलेला ट्यून सापडला तर गाडी नापास. धुरावर परिणाम करणाऱ्या बाहेरच्या पार्टवर तिथल्या हवा मंडळाच्या परवानगीचा ईओ नंबर लागतो, बॉनेटखाली स्टिकर बघ. पण स्मॉगचा कागद म्हणजे गिअरबॉक्सचं आरोग्य नव्हे. लोक तपासणीपुरता मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. म्हणून छोटा ओबीडी स्कॅनर घेऊन जा आणि रेडिनेस मॉनिटर बघ. बरेचसे "नॉट रेडी" दाखवत असतील तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. मालक म्हणेल, बॅटरी काढली होती. तू म्हण, मग आठवडाभर चालवा, मी परत येते.

मॉडिफिकेशन म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. सगळी उमर मी तेच केलं. ज्याने मूळचा क्लच, मूळचं फ्लायव्हील खोक्यात जपून ठेवलंय, बिलांची फाइल ठेवलीय, ट्यून कुणी केला ते जो सांगतो, त्याची गाडी मी डोळे मिटून नाही, पण निम्म्या भीतीने घेईन. मात्र "गाडी घेतली तेव्हा अशीच होती, मला काही माहीत नाही" हे वाक्य ऐकलंस तर चर्चा तिथेच संपव.

खरं सांगू का, माझी काळजी गाडीची नाहीच. तू हायवे 17 ने सांताक्रूझला जायचं बोललीस. डोंगरातली वळणं, मध्ये भिंत, मागून घाईने येणारी गाडी, आणि अशा वेळी ॲक्सल सुटला किंवा गिअर अडकला तर तिथे तुझ्याजवळ कोण आहे? घोटीला गाडी अडली तेव्हा आपण तिघं तरी होतो. तुझ्या बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तू तिथे एकटी आहेस हे त्यांना रोज आठवतं, वर हे कशाला.

तेव्हा एवढं कर. सुबारूचंच काम करणारा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक शोध, त्याची फी भर, गाडी त्याच्या रॅम्पवर चढव. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्टही करून घे. वाढवलेल्या ट्यूनवर या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, ते त्यात कळेल. मालक रॅम्पला नाही म्हणाला तर गाडी घ्यायची नाही. कितीही निळी असली तरी. आणि तो मेकॅनिक काय म्हणतो ते मला कळवेपर्यंत बयाणा म्हणून एक डॉलरही देऊ नकोस. इथे रात्र असली तरी फोन कर.

तुझा,
बापूकाका