घाणेरीचे कुंपण

झाडांना नावे ठेवताना लोकांनी बहुधा डोळ्यांचा कौल घेतला. घाणेरीपुरता तेवढा नाकाचा घेतला, आणि तो खरा ठरला. दिसायला ही वनस्पती मोठी गोजिरवाणी. एकाच झुबक्यात पिवळी, केशरी, तांबडी फुले! अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती हिंदुस्थानात आली, ती बागेची शोभा म्हणून. पुढे तिने बाग सोडली आणि डोंगर, माळ, गायराने व्यापली.

सासवडजवळच्या आमच्या घराला हिचेच कुंपण होते, आणि आजीला त्याचे कोण कौतुक! आम्ही मुले तिची पिकलेली काळी फळे खुशाल खात असू; पण वाटेने जाणारे एकही गुरू त्या पाल्याला तोंड लावीत नसे. असे का, म्हणून मी एकदा गुराख्याला विचारले. “नाक हाय की त्यास्नी!” एवढेच तो म्हणाला.

1972 च्या दुष्काळात ते नाक हरले. माळावर काडी उरली नव्हती. शाळा सुटल्यावर आमच्या कबरी गाईला चारून आणण्याचे काम माझ्याकडे असे. एका दुपारी विटीदांडूच्या ओढीने मी तिला कुंपणाशीच लांब दाव्याने बांधले आणि पळालो. संध्याकाळी परतलो, तो तेवढे कुंपण बोडके झालेले.

दोन दिवसांत तिने वैरणीकडे पाठ फिरवली. रवंथ थांबला, डोळे पिवळे पडले, उन्हात ती उभी राहीना. मग कातडे सोलू लागले; आणि विलक्षण गोष्ट अशी की, ते केवळ पांढऱ्या ठिपक्यांवरचे! लगतचे काळे ठिपके जसेच्या तसे. आजीला तो दैवी कोप वाटला.

याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून झाला. घाणेरीचे विष यकृतावर घाला घालते आणि पित्ताची वाट कोंडते. चाऱ्यातील हरितद्रव्य पचताना एक द्रव्य निपजते. निरोगी जनावर ते पित्तावाटे टाकून देते. वाट बंद झाली की ते रक्तातून कातडीत उतरते, आणि ऊन लागताच तेथे पोळल्यासारख्या जखमा होतात. काळ्या कातडीतला रंग उन्हाला अडवतो. पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी कातडीला तो आसरा नाही. शिवाय पोटाची हालचाल मंदावल्याने खाल्लेला पाला तेथेच पडून राहतो व विष झिरपतच राहते. तिला सावलीत बांधायला हवे होते. आम्ही मात्र अंगात ऊब यावी म्हणून तिला सकाळी ओढून अंगणात आणीत होतो.

कबरी अकराव्या दिवशी गेली. “दावे तुटले असेल,” वडील म्हणाले, “भुकेपुढे मुके जनावर काय करील?” दावे तुटले नव्हते. मीच ते सोडून तिला मुकाट्याने गोठ्यात आणले होते.

आजीने कोयत्याने सारे कुंपण छाटले. पुढच्या पावसाळ्यात ते बुडख्यांतून पुन्हा फुटले. वडील त्यानंतर सव्वीस वर्षे जगले. त्यांनी एकदा जरी विचारले असते तरी मी खरे सांगितले असते, अशी स्वतःची समजूत मी अनेकदा घातली आहे.