डबींतलें आभाळ

सिगारेटच्या पाकिटांतून निघणाऱ्या चित्रकार्डांचा जन्म कांहीं कलेच्या प्रेमांतून झालेला नाहीं. पाकीट मऊ असे. आंतल्या सिगारेटी चुरगळूं नयेत म्हणून कारखानदार त्यांत पुठ्ठ्याचा एक कोरा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुन्हां येतें, हें पुढें त्यांच्या ध्यानांत आलें. पक्षी, क्रिकेटपटू यांच्या पाठोपाठ विमानेंहि त्यावर अवतरलीं. १९३६ सालीं प्लेअर कंपनीनें देशोदेशींच्या प्रवासी विमानांची पन्नास चित्रांची मालिकाच काढली.

माझ्या आजोबांनीं सिगारेटला कधीं ओठ लावला नाहीं. भिंगारच्या छावणींतील गोऱ्या शिपायांनीं फेंकलेलीं पाकिटें शाळकरी वयांत वेंचून त्यांनीं हीं चित्रें जमविलीं, आणि अखेरपर्यंत एका पत्र्याच्या डबींत जपलीं. ती डबी आतां माझ्याकडे आहे. चित्रें पाहतांना मला दर वेळीं वाटतें, कीं हीं जितकें दाखवितात त्याहून अधिक लपवितात.

लंडन-कराची हवाई मार्ग १९२९ सालीं सुरू झाला. प्रवास सात दिवसांचा, आणि एका खेपेचें भाडें १३० पौंड! चित्रांतलें आभाळ निळें आहे; त्याची किंमत तेथें दिसत नाहीं. आपल्याकडे तर टाटांच्या विमानांतून आधीं माणसें नव्हे, पत्रें उडालीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईस जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बल्लारीमार्गें मद्रासला नेलें. अहमदाबादेस त्या विमानाचें पेट्रोल बैलगाडींतून आलें होतें. माझ्या मतें आपल्या विमानयुगाचें खरें चित्र त्या बैलगाडीचेंच. पण तें छापून सिगारेट कशी खपावी?

डबींतील सर्वांत देखणें चित्र इंपीरियल एअरवेजच्या ‘हॅनिबल’चें. दुहेरी पंखांचें, चार यंत्रांचें तें अवाढव्य विमान संथपणें चाललें आहे. १ मार्च १९४० रोजीं हें विमान ओमानच्या आखातावर आठ माणसांसह नाहींसें झालें. मद्रासचे पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम् त्यांत होते. त्या जातीचीं आठच विमानें बांधलीं होतीं. १९४१ साल संपण्यापूर्वीं त्यांतलें एकहि उरलें नाहीं. चित्रांतलें मात्र अजून उडतेंच आहे.

या चित्रांनीं आजोबांना भुलविलें, असें मी पुष्कळ दिवस म्हणत असें. विमानांत बसण्याचा योग त्यांना आला नाहीं. आपल्या जिल्ह्यांत, कोपरगांव तालुक्यांतील काकडी येथें, शिर्डीचा विमानतळ सुरू झाला तो १ ऑक्टोबर २०१७ रोजीं. तोंवर ते राहिले नव्हते. पण ‘हॅनिबल’च्या पाठीमागें एका कोपऱ्यांत बारीक पेन्सिलीनें त्यांच्या हातचे आंकडे आहेत: १-३-४०. चित्रकारानें वगळलेलें त्यांनीं स्वतः भरून काढलें होतें, आणि तरीहि चित्र टाकून दिलें नव्हतें.

भुलविण्यासाठीं छापलेलें चित्र त्यांनीं तंबाखूचा एक झुरका न घेतां मिळविलें, आणि त्यांतलें खोटें ओळखूनहि त्यावर प्रेम केलें. या व्यवहारांत कोणी फसलाच असेल, तर तो कारखानदार!