गुरूविना घराणे

पुण्यात घराण्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो, 'गुरू कोण?' समोर बसून घेतलेल्या तालमीवाचून कला पुढे जात नाही, ही या शहराची जुनी श्रद्धा. चरणजीत सिंग यांच्या वारशाची कथा मात्र या श्रद्धेत बसत नाही.

सिंग हे मुंबईचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते गिटार वाजवीत. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे घेऊन भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांपैकी टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी निर्माण झालेले. ते एका गिटारवादकानेच विकत घ्यावे, हाही एक योगच! त्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय होती. मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले. या यंत्राला निदान मींडेची सावली तरी साधत होती. पण ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. यंत्रही बाजारात पडले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

पडलेली वस्तू स्वस्त होते. जुन्या मालाच्या दुकानांतून ते शिकागोच्या तरुणांच्या हाती आले आणि १९८७ मध्ये 'फ्यूचर' या त्रयीने 'अॅसिड ट्रॅक्स' प्रसिद्ध केले. त्यातून 'अॅसिड हाऊस' नावाची नवी शैली जगभर पसरली. पुढे २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. नातवंडांना आजोबांचा पत्ता असा उशिरा लागला. सत्तरी उलटलेले सिंग युरोपात जाऊन तरुणांपुढे वाजवून आले. २०१५ मध्ये ते निवर्तले.

माझी तक्रार एवढीच की, या नातवंडांनी यंत्राचा गुरगुरता खर्ज तेवढा उचलला. राग जिथल्या तिथे राहिला.

आमच्या गायकवृंदात कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाकडे टीबी-०३ आहे, रोलंडनेच २०१६ मध्ये काढलेली त्या यंत्राची छोटी प्रतिकृती. सराव संपला की तो त्यावर खर्ज घुमवीत बसतो. ज्येष्ठ मंडळींना तो निव्वळ गोंगाट वाटतो. मी त्याला सिंग यांचा यमन ऐकवला. "फादर, यातला म वेगळा लागतो," तो म्हणाला. तीव्र मध्यम त्याने अचूक हेरला होता. आता दर मंगळवारी तो पेटी शिकायला सदाशिव पेठेत जातो.