आठ बोटांचा हिशोब

(द्वितीय वर्ष, कला)

कसाऱ्याचे नाव तुम्ही लोकलच्या पाटीवर वाचले असेल. लोकल इथे संपते आणि घाट इथे सुरू होतो. 1865 पासून या घाटातून आगगाडी जाते. चढण 37 फुटांना 1 फूट. म्हणून वर जाणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून जादा इंजिने लावतात. मोटारींना मात्र मागून ढकलायला कोणी नसते. त्यांना आपल्याच इंजिनावर आणि आपल्याच चाकांवर घाट चढावा लागतो. त्या चाकांवर आमचे घर चालते. माझे वडील जुन्या आग्रा रोडला पंक्चर काढतात.

हे वाक्य आज सहज लिहून गेलो. प्रवेशाच्या वेळी ते लिहिणे जमले नव्हते. अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नुसते ‘धंदा’ लिहिले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबांची शाळा चौथीत सुटली. सकाळच्या लोकलमध्ये आसनगाव येईपर्यंत मी नखांतला काळा मळ खरवडीत बसे. वर्गात कोणाला कळू नये, एवढीच धडपड.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारी एक प्रीमियर पद्मिनी दुकानापुढे थांबली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही मोटार मुंबईकरांच्या टॅक्सीची. तिच्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. ही मात्र नवरीसारखी नटलेली होती. मूळचे 1089 सी.सी.चे इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे दमदार इंजिन घातलेले, पुढच्या स्प्रिंगचे वेढे कापून आणि मागचे पाटे कमी करून गाडी पार जमिनीलगत आणलेली, चाके मोठी आणि रुंद. आत चार तरुण आणि नाशिकचे सामान. मागच्या डाव्या चाकाची हवा गेली होती.

बाबांनी चाक काढले, हात फिरवला आणि म्हणाले, “शेठ, हे पंक्चर नाय. मडगार्डाला घासून साइड कापलीय.”

“मग पॅच मारा. नाशिकपर्यंत गेलो की झालं.”

“टायर जमिनीवर चालतो तिथं पॅच टिकतो. साइड सारखी दुमडते, तिथं नाय टिकत.”

तो तरुण वैतागला. माझ्या हातातली वही पाहून म्हणाला, “तू शिकलेला दिसतोस. तूच समजाव यांना.”

खरे सांगतो, क्षणभर मला बरे वाटले. बाबांच्या ते लक्षात आले असावे. पण ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “वाच रे, टायरवर काय लिवलंय.”

मी वाचले : 205/65 R15. असे आकडे लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता. बाबांनी सांगितला. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या शंभरात किती भाग टायरची उंची. शेवटचा, रिमचे इंच. चौथीत शाळा सुटलेला माणूस मला शेकडेवारी शिकवीत होता. मी वहीत हिशोब मांडला. पूर्ण चाक भरले सुमारे 64.7 सेंटिमीटर. डिकीत मूळची स्टेपनी होती, 5.20-14 मापाची. ती भरली सुमारे 60.

बाबांनी वहीकडे पाहिलेच नाही. स्टेपनीवर खडूची खूण केली, एक पूर्ण फेरा फिरवून जमिनीवर रेघ मारली. मग मोठे चाक तसेच फिरवले. दोन रेघांमध्ये त्यांची आठ बोटे बसली. मी वहीत पाहिले : 15 सेंटिमीटर.

“फेऱ्याला आठ बोटं जास्त,” बाबा म्हणाले. “काटा साठ दावतो तवा तुमची गाडी पासष्टानं पळते. चढाला इंजिनावर वझं वाढतं. गाडी खाली आणलीत आणि चाक वर चढवलंत, मधली जागा कुठून येणार? टायर उभ्या, रिकाम्या गाडीला बघून घ्यायचा नाय. माणसं बसवायची, चाक पुरं वळवायचं, गाडी खड्ड्यात घालायची, मग बघायचं घासतो का.”

मी पुन्हा आकडेमोड केली. 185/65 R14 चे चाक 59.6 सेंटिमीटर भरत होते, जवळजवळ मूळच्या एवढे. बाबा म्हणाले, “जमेल. पण रिम तेवढं रुंद पायजे, आणि पुढचा वजनाचा आकडाही बघायचा.” त्या मापाच्या टायरवर 86 असेल, तर एक टायर 530 किलो पेलतो. स्टेपनी लावून जातो म्हणाले, तर बाबांनी तेही नाकारले. मागच्या एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठे चाक घेऊन घाट चढले, तर डिफरन्शलची वाट लागते.

अखेर ते चौघे चिडून स्टेशनकडे गेले. गाडी दुसऱ्या दिवशी टोचन करून नेली. आम्हाला एक पैसाही मिळाला नाही. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून बऱ्याच गाड्या डोंगराच्या पोटातून बोगद्याने जातात आणि आमच्या दुकानापुढे कमी थांबतात. त्या दिवशीची ती पहिलीच गाडी होती. संध्याकाळी मी न राहवून म्हणालो, “बाबा, पॅच मारला असतात तर दोनशे रुपये तरी सुटले असते.”

बाबा हात धूत होते. म्हणाले, “आणि वळणावर फुटला असता तर? चार पोरं होती आत. तुझ्याच वयाची.”

मी काही बोललो नाही. इंजिन बदललेल्या त्या मोटारीत आणि माझ्यात मला फारसा फरक दिसेना. कॉलेजने मला नवे इंजिन दिले खरे. पण ज्या अंगावर ते बसवायचे, त्याचे माप मी लपवीत फिरत होतो.

यंदा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तोच रकाना पुन्हा आला. मी लिहिले : ‘टायर-पंक्चर दुरुस्ती, कसारा.’ अक्षर थोडे मोठेच आले.